न मोजलेली रिंग

आमच्या शाळेत तुम्ही काहीही मोजा, कोणी अडवणार नाही. पोरांची उंची मोजा, वजन मोजा, खिचडीतले वाटाणे मोजा, हेडसरांच्या भाषणाची लांबी मोजा. फक्त एक गोष्ट मोजायची नाही, ती म्हणजे मैदानावरची बास्केटबॉलची रिंग. तिच्याजवळ कोणी नुसती टेप घेऊन गेला तरी कुठून तरी शिट्टी वाजते आणि शिट्टीच्या मागोमाग मुनीर सर येतात.

"काय काम हाय?"

"काही नाही सर, सहज मोजावं म्हटलं."

"सहज कावून? सहज घरी जाऊन आपला दरवाजा मोजा."

मुनीर सर म्हणजे शेख मुनीर, आमच्या घाटनांदूरच्या शाळेतले खेळाचे सर. वय पन्नाशीच्या पुढे, अंग शेवग्याच्या शेंगेसारखं लांब आणि सडसडीत, आणि मान कायम थोडी वर. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, त्याच्या डोक्याच्या हातभर वर बघतात. नवा माणूस त्यांच्याशी बोलता बोलता एकदा तरी मागे वळून वर बघतोच, भिंतीवर पाल वगैरे आहे की काय म्हणून. मीही बघितलं होतं.

मी गणिताची बाई. माहेर नेकनूरचं, सासर इथलं. शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये उकडत होतं म्हणून पंख्याचं बटण दाबलं, तर दोन शिक्षक एकदम ओरडले, "मॅडम, बंद करा! सरांचा कागद चाललाय!" मला काही कळेना. कोपऱ्यात उभे असलेले मुनीर सर हातातला रद्दी कागद चोळामोळा करत होते. त्यांनी तो मनगटाच्या एका झटक्यानं सोडला. कागद सरळ छताला भिडल्यासारखा वर गेला, पंख्याच्या पात्यांच्या मधून फिरून आला आणि दुसऱ्या टोकाच्या टोपलीत अलगद पडला. कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पंखा पुन्हा सुरू झाला.

सर काहीही देत नाहीत, टाकतात. खडू, डस्टर, चहाच्या साखरेची पुडी, सगळं उंचावरून येतं. एकदा हेडसरांनी ऑफिसची किल्ली मागितली. सरांनी ती नेहमीप्रमाणे सोडली आणि किल्ली जी वर गेली ती खाली आलीच नाही. पंख्याच्या वरच्या वाटीत जाऊन बसली होती. नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आलेले. ऑफिस बंद, कपाटं बंद, कागद आत. साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून दोन कप चहा प्यायले आणि गेले. मुनीर सरांनी शाळेवर केलेला हा सगळ्यात मोठा उपकार, असं हेडसर आजही खासगीत सांगतात.

यावर सरांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "वरून येऊ द्या." पोरगं छातीतून सरळ बॉल फेकायला लागलं की मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून आवाज येतो, "बाळा, वरून येऊ दे! सरळ मारायला काय तू कुत्र्याला दगड मारायलाय का?" शाळेचा एखादा कागद जिल्ह्याला अडकला की हेडसर चिडचिड करतात आणि सर म्हणतात, "येईल की. वरून येऊ द्या. वरून येतं त्यातच बरकत असती."

लग्नात तर सरांना बघायला माणसं येतात. गावातल्या प्रत्येक लग्नाला त्यांना आवतण असतंच. ते मांडवाच्या अगदी शेवटी, स्वयंपाकाच्या कढयांजवळ उभे राहतात. मंगलाष्टकं संपून 'सावधान' झालं की आपल्या अक्षता पुढच्या माणसाच्या मानेत जातात. सरांच्या अक्षता मांडवाच्या कापडाला लागून येतात आणि नवरानवरीच्या डोक्यावर पडतात. आमच्या भागात आता म्हणतातच, की मुनीर सरांच्या अक्षता पडल्या नाहीत तर लग्न लागलं असं समजू नका. माझ्या नणंदेच्या लग्नात सरांना यायला उशीर झाला तर सासऱ्यांनी भटजींना आणखी एक मंगलाष्टक म्हणायला लावलं होतं.

हे सगळं ठीक. पण रिंग का मोजायची नाही? मला एक खोड आहे. एखाद्या गोष्टीला कोणी हात लावू नका म्हटलं की माझे हात शिवशिवायला लागतात.

त्यात आणखी दोन गोष्टी मला कोड्यात टाकत होत्या. एक म्हणजे सरांचा मंत्र. बाहेरगावी सामन्याला निघताना गाडीत पोरांना बसवून ते बजावायचे, "घरी हात ढिला, परगावी हात आखडता. ध्यानात हाय ना?" पोरं एका सुरात हो म्हणायची. मला आधी वाटलं हा खाण्यापिण्याबद्दलचा उपदेश असावा. दुसरी गोष्ट म्हणजे दर रविवारी सर टीमला घेऊन एसटीनं अंबाजोगाईला जायचे. आपलं मैदान मोकळं सोडून तिथल्या मैदानावर खेळवायचे आणि संध्याकाळी परत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पोरांला हवापालट." घाटनांदूरहून अंबाजोगाईला हवापालट म्हणजे ओसरीतून उठून अंगणात बसण्यासारखं.

आमचं मैदानही जगावेगळं आहे. आमच्याकडे जमिनीत काही उभं केलं की त्याच्याभोवती पार बांधायचा, हा रिवाजच आहे. लिंबाला पार, वडाला पार, झेंड्याच्या खांबाला पार. मग बास्केटबॉलच्या खांबांनी काय पाप केलं होतं? मैदानाच्या दोन्ही टोकांच्या खांबांना चांगले फूटभर उंचीचे दगडी पार आहेत. खांबाला लोखंडी हात आहे, हाताला बोर्ड, बोर्डाला रिंग. वर पोरं खेळतात आणि खाली पारावर गावातली म्हातारी माणसं तंबाखू मळत बसतात. कधीमधी बॉल कोणाच्या टोपीवर पडतो. म्हातारा टोपी झटकतो आणि बॉल परत देतो.

पूर्वेच्या पारावर रोज संध्याकाळी दराडे गुरुजी येऊन बसतात. हे मुनीर सरांच्याही आधीचे खेळाचे मास्तर. वय एवढं, की त्यांना स्वतःलाही नक्की सांगता येत नाही. डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण कान शाबूत. काठीवर हनुवटी टेकून बसायचं आणि ऐकायचं. नेटचा 'सप्' असा आवाज आला की मान हलवायची. ते आले की मुनीर सर शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवतात आणि पाया पडतात. पन्नाशीचा माणूस, पण गुरुजी त्यांना 'मुन्या' म्हणतात.

सरांची जुनी कथा गावात सगळ्यांना पाठ आहे. वडिलांची रेल्वे स्टेशनवर फळांची पाटी. पोरगा मुनीर प्लॅटफॉर्मवर बसून कच्ची सीताफळं लांबून एकेक करून पाटीत टाकायचा, एकही बाहेर नाही. गुरुजी कुठूनसे गाडीनं उतरले, त्यांनी हे बघितलं आणि वडिलांना म्हणाले, "हे पोरगं मला द्या." तेव्हा घाटनांदुरात बास्केटबॉल हा शब्द फक्त गुरुजींना माहीत होता. त्यांनी वेल्डरकडून खांब करून घेतले, गवंड्याकडून पार बांधून घेतले, स्वतः दहा फुटांची काठी खांबाला लावून रिंगा बसवल्या आणि पोरं तयार केली.

मग तो प्रसिद्ध विभागीय सामना. ज्या गावी व्हायचा तिथल्या मैदानात कोणाच्या तरी लग्नाचा मांडव पडला होता, म्हणून तो आमच्याकडे आला. अंतिम सामन्याला शहरातला संघ होता, सगळ्यांच्या पायांत एकसारखे बूट. त्यांनी बॉल मारावा आणि तो रिंगच्या खालच्या कडेला आपटून परत यावा. त्यांचे मास्तर चिडले. रिंग उंच आहे, म्हणाले. गुरुजींनी शांतपणे ती दहा फुटांची काठी मागवली, पारावर चढून खांबाला लावून दाखवली आणि म्हणाले, "दहा म्हंजे दहा. मी कमीजास्त करणारा माणूस न्हाई." पंच पारावरच चहा पीत बसले होते. त्यांनी मान डोलावली. शेवटच्या क्षणाला मुनीरनं मैदानाच्या मधून बॉल सोडला, तो लिंबाच्या शेंड्याइतका वर गेला आणि नेटमध्ये उतरला. पोराला ट्रॅक्टरवर बसवून गावातून मिरवलं. तो कप अजून ऑफिसच्या कपाटात आहे.

त्यानंतर मुनीरला राज्याच्या संघाच्या निवडीला पुण्याला बोलावलं. सरपंचांनी निकालाची वाट न बघता परतीच्या दिवशी स्टेशनवर बँड सांगून ठेवला. गाडी आली, मुनीर पिशवी घेऊन उतरला आणि बँड सुरू झाला. निवड झालेली नव्हती. पण बँड वाजायला लागला तो थांबवणार कोण? तो पोरगा बँडमागून घरापर्यंत चालत आला. गुरुजी स्टेशनवर होते. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती त्याच्या हातातली पिशवी घेतली. गावानं आपलं ठरवून टाकलं की वशिला लागला. मुनीर पुन्हा कधी निवडीला गेला नाही. शिकला, खेळाचा मास्तर झाला आणि गुरुजी निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागेवर आला.

ही कथा मी इतक्यांदा ऐकली होती, पण गणिताच्या कानांनी ऐकली नव्हती. ते नंतर झालं.

दहावीला समरूप त्रिकोणांचा धडा आहे. काठीची सावली आणि झाडाची सावली यांवरून झाडाची उंची काढायची. हिवाळ्यात कोवळ्या उन्हात पोरांना बाहेर काढलं तर शिकवणंही होतं आणि अंगही शेकतं. मी गट पाडले. एकाला लिंब दिला, एकाला झेंड्याचा खांब आणि बाकीच्यांना रिंग. टेप रिंगजवळ न्यायचीच नव्हती, सावली जमिनीवर होती. म्हणजे मी सरांचा नियम मोडला नाही. निदान मी माझी तशी समजूत घातली होती.

सावल्या मोजून होतात न होतात तोच शिट्टी वाजली. सर लांब टांगा टाकत आले. "मॅडम, पोरं उन्हात कावून?"

"सर, डिसेंबर आहे."

"डिसेंबरचं ऊन लई वाईट असतंय. आत घ्या."

आम्ही आत गेलो. पोरांच्या वह्या बघितल्या तर सगळ्या रिंगवाल्या गटांचं उत्तर दहा फूट. एकजात दहा. इतकं नेमकं उत्तर आलं की गणिताच्या बाईला आनंद होत नाही, संशय येतो. चौकशी केली तर कळलं, की रिंग दहा फूट असते हे पोरांना खेळाच्या पुस्तकातून ठाऊक होतं. आधी सगळ्यांचं उत्तर भलतंच आलं, मग दहा येईपर्यंत सगळ्यांनी काठीची सावली वाढवली. मी वर्गात चांगलीच तापले. "आकड्याशी लाडीगोडी चालत नाही! जे आहे तेच लिहायचं! आकडा आपल्या सोयीनं वाकवणारा माणूस गणितात नापास आणि आयुष्यातही नापास!" असं बरंच काही बोलले. माझा आवाज दोन वर्गांपलीकडे गेला असणार.

मग वर्ग सुटल्यावर पोरांनी वह्यांत खोडलेल्या खऱ्या मापांवरून मी स्वतः उत्तर काढलं. अकरा आलं. पुन्हा काढलं. अकराच.

दुपारी मैदान रिकामं असताना मी पश्चिमेच्या पारावर बसले होते, तिथे सर स्वतःच माझ्याकडे आले. शेजारी टेकले आणि माझ्या डोक्याच्या हातभर वर बघत म्हणाले, "अकरा आलं ना?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला मालूम हाय. पुण्याला गेलतो तवापासून." त्यांनी रिंगकडे बोट केलं. "हितं उडी मारली की माझी बोटं नेटला लागायची. तिथं उडी मारली तर रिंगच हातात आली. मी लटकलो. सगळी पोरं हसायलीत आणि मी लटकलेला. लटकल्या लटकल्याच समजलं. बॉल मारावा तर बोर्डाच्या वरून मागच्या भिंतीवर. एक न्हाई, सगळे. पुढं बसलेले साहेब म्हणले, पोरा, हे बास्केटबॉल हाय, पतंग न्हाई."

"पण चूक झाली कशी?"

"तुमी ज्यावर बसलाय ना, त्यानंच." त्यांनी पारावर हात थोपटला. "आधी पार बांधला, मग गुरुजीनं पारावर उभं राहून काठी लावली. पारापासून दहा हाय. बरोबर दहा. जमिनीपासून पार किती वर हाय ते कुणी धरलंच न्हाई. एक खांब चुकला असता तर समजलं असतं. दोन्ही सारखेच चुकले."

मी पाराकडे बघत राहिले. दगडी, गुळगुळीत, फूटभर. इतकी वर्षं त्याच्यावर बसून सगळं गाव गप्पा मारत होतं.

"मग तुम्ही आल्यावर सांगितलं का नाही?"

"कुणाला, गुरुजीला?" सरांना माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "त्या माणसानं मला स्टेशनवरनं उचलून आणलं, मॅडम. माझे वालिद गेले तवा माझ्या घरी चूल त्यांच्या घरनं पेटायची. त्यांला जाऊन सांगू, तुमच्या पारानं माझा घात केला म्हणून? आणि त्यांनी भर मैदानात पंचाला शब्द दिलता. जिंदगीत खोटं न बोललेला माणूस. कपाचं सोडा हो, कप राहिला काय आणि गेला काय. पर गुरुजी उद्यापासून ह्या पारावर कसे बसतील?"

"आणि पोरं? त्यांचं नुकसान नाही का?"

पहिल्यांदाच सर थोडे दुखावल्यासारखे दिसले. "म्हणून तर अंबाजोगाईला नेतो, म्हणून तर परगावी हात आखडता म्हणतो. तिथली रिंग बरोबर हाय. पोरांचं नुकसान मी होऊ दिलं न्हाई. माझी तीन पोरं राज्याला खेळून आली, इचारा कुणालाबी." मग ते उठले. "तुमचं गणित बरोबर हाय, मॅडम. पर ते वर्गातच ठेवा. एवढं करा."

मी ठेवलं. एवढंच नाही, तर रिंगजवळ कोणी टेप घेऊन जाताना दिसलं की शिट्टीच्या आधी मीच धावायला लागले. शाळेत कुजबुज झाली की मुनीर सरांचं वारं मॅडमना लागलं.

आणि मग वरून आलं. जे कधी येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं ते आलं, नवं मैदान मंजूर झालं. जुने खांब काढायचे, नव्या पद्धतीचे बसवायचे. हेडसर पेढे वाटत सुटले. मुनीर सरांनी पेढा घेतला आणि विचारलं, "जुनं मोजतील का हो?" हेडसर म्हणाले, मोजणारच, त्याशिवाय कागद पुढे कसा जाईल. सरांनी पेढा तोंडात न टाकता खिशात ठेवला.

त्यांनी त्यांच्या परीनं बंदोबस्त केला. मोजायला येणाऱ्या साहेबांना सकाळी बोलवा, गुरुजी संध्याकाळी येतात, असं हेडसरांना कारण न सांगता पटवलं. पण साहेबांची गाडी वाटेत बंद पडली आणि ते आले तेव्हा उन्हं उतरली होती. गुरुजी पारावर येऊन बसलेले. नवं मैदान होणार म्हणून चार म्हातारे जास्तच जमलेले.

साहेब तरुण होते, बोलणं मोठ्यानं. खिशातून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढलं, त्याच्यातून लाल ठिपका निघत होता. मुनीर सर गुरुजींशेजारी जाऊन उभे राहिले आणि उगाचच मोठ्यानं हवापाण्याचं बोलायला लागले. गुरुजींनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"साहेब," गुरुजी म्हणाले, "एक सांगू का? जमिनीपासून धरा. पारावरून नका धरू."

मुनीर सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्याच्या वर नाही, माझ्याकडे. गुरुजींना शंका होती! कधीपासून, कोण जाणे.

साहेबांनी रिंगच्या खाली यंत्र जमिनीवर ठेवलं आणि ठणठणीत आवाजात आकडा वाचला. "तीन पस्तीस." मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "च्यायला, ही तर—"

मुनीर सरांनी शिट्टी फुंकली. अशी फुंकली की लिंबावरचे कावळे उडाले. साहेब कानांवर हात ठेवून मागे सरले आणि सरांनी त्यांच्या दंडाला धरून "चहा घ्या साहेब, चहा घ्या" करत त्यांना जवळजवळ उचलूनच दुसऱ्या टोकाला नेलं.

गुरुजी काठी धरून बसून होते. "तीन पस्तीस म्हंजे काय? आमच्या टायमाला फूट हुते. गणिताच्या मॅडम हायत ना हितं? मॅडम, फुटात किती झालं?"

दहावीची निम्मी पोरं मागं उभी होती. त्याच वर्गात मी आकड्याच्या लाडीगोडीवर गरजले होते. शेकडो पोरांना मी मीटरचे फूट करायला शिकवलंय, झोपेतही करीन. तीन पस्तीसचे अकरा होतात.

"दहा, गुरुजी," मी म्हणाले.

"बरोबर दहा?"

"बरोबर दहा."

माझ्या मागे एका पोरीनं "मॅडम, पण—" म्हणायला तोंड उघडलं. मी वळून तिच्याकडे जे बघितलं ते तिनं आयुष्यात विसरू नये.

गुरुजींनी डोळे मिटले. मला वाटलं, यांना काही होतंय की काय. पण ते नुसता श्वास सोडत होते, खूप वेळ धरून ठेवलेला. मग म्हणाले, "हितं बसून बसून एक दिवस मनात आलं, मी काठी कुठून धरलती? जमिनीवरून का पारावरून? लई आठवलं, आठवंना. पोरगं पुण्याहून रिकाम्या हातानं आलं ते माझ्यामुळं तर न्हाई? मुन्याला इचारायचा धीर झाला न्हाई. उतरून मोजायचाबी झाला न्हाई. रातरात उठून बसायचो, बाई." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि एकदम आवाज चढवला. "मुन्या! कुठं गेलं हे? मुन्या, हिकडं ये!"

सर पळत आले. काय झालंय ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि कसं कोण जाणे, त्यांना समजलं.

"रिंग बरोबर हाय," गुरुजी म्हणाले. "दहा हाय. मग त्या साली तुला तिथं काय झालतं बे?"

मुनीर सर गुरुजींच्या पुढ्यात खाली बसले. मातीतच बसले. "मनगट, गुरुजी. मनगट ढिलं पडलं."

"मनगट!" गुरुजींनी काठी आपटली. "गाढवा, हजारदा सांगितलतं तुला! मनगट सांभाळ, मनगट सांभाळ! तुझं ध्यान कुठं हुतं? पुणं बघत बसलतास का? गावानं बँड आणलता तुझ्यासाठी, आणि तू मनगट ढिलं सोडून येतोस?"

"चुकलो, गुरुजी."

"मी एवढी वर्षं स्वतःला खात बसलो आणि चूक कुणाची, तर तुझी!"

"माझीच, गुरुजी. माझीच चूक."

म्हातारा इतक्या वर्षांची राहिलेली बोलणी एका बैठकीत देत होता. सर मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा असा होता, की कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, याला आत्ताच कप मिळाला. मला राहवलं नाही, मी लिंबामागे जाऊन डोळे पुसून आले. दुसऱ्या दिवशी त्या पोरीला बोलावून तिचं उत्तर बरोबर असल्याचं सांगितलं आणि ते कुठेही बोलायचं नाही म्हणूनही सांगितलं. ती शहाणी निघाली.

नवं मैदान उन्हाळ्यात तयार झालं. निळी जमीन, पांढऱ्या रेघा, काचेसारखे बोर्ड. साहेबांनी स्वतः मोजून रिंगा बसवल्या, दहा म्हणजे दहा. आठ दिवसांत गावानं दोन्ही नव्या खांबांना पार बांधले. साहेब परत येऊन डोक्याला हात लावून गेले.

उद्घाटनाला पहिला बॉल कोणी टाकायचा, यावर चर्चाच झाली नाही. मुनीर सरांनी शिट्टी खिशात ठेवली, पाया पडले आणि बॉल घेतला. अंबाजोगाईच्या रिंगवर दर रविवारी डोळे झाकून टाकणारा माणूस. सगळं गाव मान वर करून उभं. बॉल सुटला, वर गेला, खूपच वर गेला, बोर्डाच्या वरून पलीकडे उतरला आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या टोप्या उडवून गेला.

पूर्वेच्या पारावरून काठीचा आवाज आला.

"मनगट!" गुरुजी आनंदानं ओरडले. "बघा, मी काय म्हणलतो? अजून मनगट ढिलंच हाय ह्याचं!"

"चुकलो, गुरुजी," सर म्हणाले आणि बॉल आणायला पाराकडे पळाले.

तो नेम खरंच चुकला की सरांनी चुकवला, हे मला अजून माहीत नाही. माझे हात शिवशिवतात, पण मी विचारलेलं नाही.